तेरा किलो सातशे

आमच्या दवाखान्यात काटेमावशीशी भांडण झालं नाही असा माणूस नव्हता. मी तर रोज भांडायचो. माझी औषधांची खिडकी आणि तिचा वजनकाटा समोरासमोर, मधे जेमतेम सहा पावलांची फरशी. एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांची तोंडं पाहत बसलो. नवरा-बायकोसुद्धा एकमेकांकडे इतकं बघत नाहीत असं तीच म्हणायची, आणि वर म्हणायची, "बघण्यासारखं काही असतं तर गोष्ट वेगळी."

तिचं काम दिसायला सोपं. एचआयव्ही असलेली मुलं महिन्यातून एकदा यायची. त्यांच्या चपला, स्वेटर, जाड कपडे काढायचे, काट्यावर उभं करायचं, आकडा वाचायचा आणि कार्डावर लिहायचा. पण ती ते सोनारासारखं करायची. सकाळी दार उघडलं की दहा किलोचं लोखंडी माप दोन्ही हातांनी उचलून काट्यावर ठेवायची आणि वाकून बघायची. बरोबर दहा आले की मगच पहिलं मूल. दुपारी जेवून आली की पुन्हा एकदा. "माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही," म्हणायची, "पण काट्यालाही अधूनमधून विचारलेलं बरं."

वजन वाढलं नाही तर डॉक्टर रागावतील म्हणून कितीतरी आया मुलांना दारातच तांब्याभर पाणी पाजायच्या. मावशीला ते मुलाच्या चालण्यावरून कळायचं. खिशातल्या गोट्या, खिळे, एकदा तर कुलूप, सगळं ती काढून टेबलावर मांडायची आणि आईकडे नुसतं बघायची. तिच्या काट्यावर खोटं वजन चढवणं एकोणीस वर्षांत कुणाला जमलं नाही. वजन खोटं पाडण्याचं कसब मात्र तिचं स्वतःचंच निघालं. तेच मला सांगायचं आहे, आणि सांगताना माझं तोंड कडू होतं, कारण त्यात मीही आहे.

लोकांना वाटतं, गोळी दिली की काम झालं. मला विचारा, मी आयुष्यभर गोळ्याच देत आलोय. मुलं मला गोळ्याकाका म्हणतात. या गोळ्या उपाशी पोटात गेल्या की कितीतरी पोरं ओकतात. ओकली नाहीत तरी ज्याच्या अंगात मूठभर मांस नाही, त्याच्यात औषधाने लढायचं कुणाच्या जोरावर? हाडांचा सापळा झालेलं मूल औषध चालू केल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच जातं, हे मी किती वेळा पाहिलंय ते मोजायचं मी सोडून दिलं. आणि खाऊन-पिऊन सुधारलेलं मूल त्याच गोळ्यांवर शाळेत पळायला लागतं, तेही पाहिलंय. आमच्याकडे येणाऱ्यांचं तर दात आहेत तर चणे नाहीत. औषध फुकट मिळायचं आणि घरी चूल एकदाच पेटायची.

म्हणून पाकिटं आली. शेंगदाणे, दूधपावडर, साखर आणि तेल यांची घट्ट पेस्ट, दिवसाला तीन पाकिटं. देवाने पाठवली असं वाटावं अशी चीज. पण देवाच्या मागोमाग तक्ता आला. पाच ते आठ वर्षांच्या मुलाला चौदा किलोची रेघ. रेघेच्या आत असेल तर पाकिटं, रेघ ओलांडली की त्याच दिवशी बंद. उंच मूल, बुटकं मूल, आजारी, धडधाकट, सगळ्यांना एकच रेघ. ज्याने ती आखली त्याने टेबलाशी बसून पोटभर जेवून आखली असणार. त्याच तक्त्यावर गोळ्यांच्या पायऱ्याही होत्या. चौदाच्या आत दोन गोळ्या, चौदापासून वर अडीच, पुढे तीन. मूल वाढलं आणि गोळी तेवढीच राहिली तर औषध अपुरं पडतं. अपुऱ्या औषधाला विषाणू सरावतो, आणि एकदा सरावला की ते औषध त्या मुलापुरतं मेलं.

मुंगी आली तेव्हा सहा वर्षांची होती. तिच्या मामाने तिला इस्त्रीच्या टेबलावर अंथरायच्या कांबळ्यात गुंडाळून आणलं होतं. मामा जिन्याखालच्या जागेत इस्त्री करायचा. बहीण आणि मेहुणा दोघं दीड वर्षाच्या आत गेले आणि भाची याच्या पदरात पडली. मावशीने कांबळं सोडलं, पोरीला काट्यावर उभं केलं आणि म्हणाली, "काटा हलला का? मला वाटलं मुंगी चढली." अकरा किलो दोनशे. मामा कसनुसं हसला. मला मावशीची खोड माहीत होती, रडू आलं की ती चेष्टा करायची. त्या दिवसापासून मुलीचं नाव मुंगी पडलं.

पहिले काही दिवस पाकीट जिभेला लागलं की मुंगी ओकायची. मग मामाने युक्ती काढली. इस्त्री करता करता तो तिला बोटाने भरवू लागला. एक शर्ट झाला की एक बोट. "कपडे जास्त असले की पाकीट लवकर संपतं," तो मला खिडकीशी सांगत होता. "परवा कमी होते, तर ही म्हणते, मामा, तेच शर्ट परत कर."

अकरा नऊशे. बारा आठशे. तेरा पाचशे. मुंगीच्या गालांना रंग आला, केस गळायचे थांबले. पहिली रक्ततपासणी आली त्यात विषाणूचा आकडा इतका खाली गेला होता की डॉक्टरबाईंनी कागद मामाच्या हातात देऊन त्याला बघायला लावला. त्याला वाचता येत नव्हतं, तरी त्याने तो बराच वेळ पाहिला. मी दर महिन्याला मुंगीला बगलेत धरून उचलायचो आणि खिडकीच्या कट्ट्यावर बसवायचो. तिथे बसून ती आपल्या गोळ्या आपल्या हाताने डबीत भरायची.

मग एका महिन्यात तिचं वजन चौदा किलो शंभर भरलं.

इथे मागची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आदल्या वर्षी दोन बहिणी यायच्या. धाकटीने रेघ ओलांडली शंभर ग्रॅमने, एका बचकेभर शेंगदाण्यांनी म्हणा ना. पाकिटं बंद झाली. तीन महिन्यांनी थोरली एकटीच आली. मावशीने तिच्या मागे दाराकडे बघितलं, आणखी कुणी येतंय का म्हणून. कुणी येत नव्हतं. धाकटीचं कार्ड जुन्या फायलीत लावायचं होतं, ते मावशीने लावलं नाही. आपल्या टेबलाच्या खणात ठेवलं आणि त्यावर रुमाल पसरला.

चौदा शंभर वाचल्यावर तिने मुंगीच्या कार्डावर तेरा किलो सातशे लिहिलं.

हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं, ती पुढे बोलली तेव्हा कळलं. पण मला काहीच माहीत नव्हतं असं म्हणणं म्हणजे मांजराने डोळे मिटून दूध पिणं. पुढच्या सव्वा वर्षात कार्डावर तेरा आठशे, तेरा सहाशे, तेरा सातशे असे आकडे येत राहिले. ती हुशार, एकच आकडा लिहीत नव्हती. आणि मी दर महिन्याला मुंगीला उचलत होतो. माझे हात काही तक्ता वाचत नव्हते. एकदा मी म्हणालो, "मावशी, मुंगी जड झाली गं."

"तू म्हातारा झालास," ती म्हणाली. "गोळ्या मोज."

मी गोळ्या मोजल्या. दोन. अळीमिळी गुपचिळी. पाकिटं मिळताहेत, पोर खातेय, हसतेय, मग कशाला नाक खुपसा, असं मी स्वतःला समजावलं. आणि डॉक्टरबाईंना कसं कळलं नाही, असं कुणी विचारलं तर त्यांच्यासमोर दिवसाला साठ मुलं असायची. त्या कार्ड बघायच्या. सात वर्षांची मुलगी पंधरा किलोची झाली म्हणून तिला काही बाळसं येत नाही, ती काडीच दिसते. उंचीबरोबर काडी लांब झाली इतकंच.

दुसऱ्या वर्षीची रक्ततपासणी आली. विषाणूचा आकडा पाच अंकी होता.

डॉक्टरबाईंनी मामाला आत बोलावलं. त्यांच्या खोलीचं दार लागत नाही, बिजागरी मोडलीय, त्यामुळे मावशीला आणि मला सगळं ऐकू येत होतं. मुंगी मावशीच्या टेबलाखाली बसून लोखंडी मापाला हात लावून बघत होती, ते थंड असतं म्हणून.

"सव्वा वर्ष वजन जागचं हललं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "महिन्याला नव्वद पाकिटं जातायत तुमच्या घरी. कुठे जातायत?"

"तीच खाते, मॅडम."

"तीन पाकिटं रोज खाल्ली तर दगडाचंसुद्धा वजन वाढेल. खरं सांगा. विकता? का घरात आणखी कुणी खातं?"

"घरात कोणीच नाही, मॅडम. ती आणि मी."

"मग तुम्ही खाता?"

 मामाचा आवाज आला, इतका बारीक की मी खिडकीबाहेर वाकलो. "बोटाला लागलेलंसुद्धा तिच्याच तोंडात पुसतो, मॅडम. मी चाटत नाही."

"हे औषध आता लागू पडत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता, रागीट नव्हता. "दुसरं चालू करावं लागेल. ते कडू आहे, पोरं ओकतात. आणि ते गेलं तर तिसरं माझ्याकडे नाही. एवढं लक्षात ठेवा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी त्या दारात पाहिलं. मावशी उठली आणि सहा पावलं चालून माझ्या खिडकीशी आली.  तिने मला सगळं सांगितलं, एका दमात, चौदा शंभरपासून. आणि मुंगी एकटी नव्हती. अशी सात मुलं होती.

"तुला माहीत नव्हतं गोळ्या वजनावर ठरतात?" मी विचारलं. किती शहाणा प्रश्न.

"होतं की. मला वाटलं, उपाशी पोटी पुरी गोळी ओकण्यापेक्षा भरल्या पोटी जरा कमी परवडली. अर्ध्या गोळीनं काय होतंय, वाटलं." मग ती म्हणाली, "आता काय करू रे? सांगितलं तर सातांचं खाणं आजच बंद. नाही सांगितलं तर गोळ्या कमीच जाणार. आणि तो बिचारा आत चोर होऊन उभा आहे."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी काय म्हणालो ते लिहितो, कारण ते लपवलं तर ही सगळी हकिगत फुकट आहे. मी म्हणालो, "सांगू नको. दर महिन्याला दोनशे-दोनशे ग्रॅम चढवत जा. कोणाला कळणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत इतक्या वेळा पाहिलं होतं, पण तसं कधी नाही. "दोनशे ग्रॅमनं चढायला दहा महिने लागतील," ती म्हणाली. "नवं औषध पण कमीच देणार का तिला, दहा महिने?"

ती परत गेली. टेबलाखालून मुंगीच्या हाताखालचं दहा किलोचं माप उचललं, काट्यावर ठेवलं आणि डॉक्टरबाईंना हाक मारली. बाई बाहेर आल्या, मागे मामा. "हे दहा आहेत, बघा मॅडम," मावशी म्हणाली. "काटा बरोबर आहे." मग तिने माप उतरवलं आणि मुंगीला काट्यावर चढवलं. पंधरा किलो नऊशे.

"कार्ड मी खोटं लिहिलंय," मावशी म्हणाली. "यानं एक बोटसुद्धा खाल्लं नाही."

डॉक्टरबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मावशीच्याच स्टुलावर बसल्या. मावशीने विचारलं, "माझ्यामुळं झालं का हे?" बाईंनी कार्डावरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. "फक्त त्यामुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही," त्या म्हणाल्या. "त्यामुळे झालं नाही, असंही म्हणू शकत नाही." या उत्तराएवढं क्रूर उत्तर मी ऐकलेलं नाही, आणि ते खरं होतं.

आठवड्याभरात सातही मुलांची वजनं पुन्हा झाली. गोळ्या वाढवल्या, त्या मीच वाढवल्या. सातांची पाकिटं बंद केली, तीही माझ्याच खिडकीतून. वरच्या ऑफिसला डॉक्टरबाईंनी स्वतः पत्र लिहिलं, या मुलांना अपवाद करा म्हणून, मुंगीचं तर औषधसुद्धा बदलतंय. उत्तर एका ओळीचं आलं, नियमात बसत नाही. मावशीला काढून टाकणारं पत्र मात्र दोन पानांचं होतं. खण रिकामा करताना तिने फक्त रुमाल आणि त्याखालचं ते कार्ड घेतलं. जाताना मी काहीतरी बोलावं म्हणून उभी राहिली. मी गोळ्या मोजत राहिलो. मग ती म्हणाली, "बघण्यासारखं आता तरी समोर काहीतरी येऊ दे," आणि गेली.

तिच्या जागी एक तरुण मुलगी आली, शांत आणि नेटकी. ती सकाळी माप ठेवत नसे. ते टेबलाखाली धूळ खात पडलं.

मावशी दोन घरी भांडी घासायला लागली आणि उरलेला वेळ मामाच्या जिन्याखाली जाऊन बसू लागली. मामाने तिला काही म्हटलं नाही, उलट बसायला कांबळ्याची घडी दिली. तिला मिळेल ते ती मुंगीसाठी न्यायची, एक अंडं, वाटीभर दूध, भांडी घासायच्या घरचं उरलेलं. नवं औषध खरंच कडू होतं. एक शर्ट, एक चमचा असं मामाने करून पाहिलं, पण मुंगीला आता शर्ट आला की रडू यायचं. औषध पोटात ठेवायला आधी पोटात काहीतरी हवं, आणि जे असायचं ते औषधाबरोबर बाहेर यायचं. मावशी दोन्ही हातांनी तिचं तोंड पुसायची आणि अर्ध्या तासाने पुन्हा चमचा भरायची. आभाळच फाटलं तिथे ही बाई दुधाच्या वाटीने ठिगळं लावत होती.

दर महिन्याला मुंगीला आता मावशीच घेऊन यायची, कारण मामाने दुकान बंद ठेवलं तर ते दूधही आलं नसतं. ज्या दारातून तिला घालवलं त्याच दारातून ती रांगेत उभी राहून यायची. पंधरा दोनशे. चौदा नऊशे. चौदा तीनशे. नवी मुलगी आकडा मोठ्याने वाचायची आणि मावशी मान खाली घालून ऐकायची, आपली शिक्षा कुणी वाचून दाखवत असल्यासारखी.

पाचव्या महिन्यात मुंगीला तिने कडेवर आणलं. चालवत नव्हतं पोरीला, खोकला लागला होता. नव्या मुलीने तिला काट्यावर उभं केलं आणि वाकून वाचलं. "तेरा किलो सातशे."

मी खिडकीत उभाच होतो. मावशीने काट्याकडे पाहिलं, मग त्या मुलीकडे.

"बाळ," ती म्हणाली, "सकाळी काटा तपासलास का?"

"नाही, मावशी."

मावशीने मुंगीला स्टुलावर बसवलं. टेबलाखाली हात घालून लोखंडी माप ओढलं, पदराने त्याची धूळ पुसली आणि दोन्ही हातांनी उचलून काट्यावर ठेवलं. एकोणीस वर्षं ती हे करत होती, काटा बरोबर निघावा म्हणून. त्या दिवशी तो चुकीचा निघावा म्हणून ती वाकली. इतकं वाकताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. काटा थरथरला आणि थांबला.

दहा. बरोबर दहा.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि माप उतरवून जागेवर ठेवलं. नव्या मुलीने कार्डावर आकडा लिहिला. यावेळी तो खरा होता.

रेघेच्या आत, म्हणून पाकिटं सुरू. रेघेच्या आत, म्हणून औषधाची पायरी एक खाली. सगळं नियमात बसत होतं. मुंगीने स्टुलावरून मला विचारलं, "काका, आता मला पाकीट मिळणार ना?" तिचा चेहरा खुलला होता. मी बाहेर आलो, तिला बगलेत धरून उचललं आणि कट्ट्यावर बसवलं. उचलायला काहीच लागलं नाही. मग मी आत जाऊन पाकिटांचा खोका फोडला आणि नव्वद पाकिटं मोजून मावशीच्या पिशवीत भरली.